नाकावरचा भरवसा

हैदराबादला नामपल्ली स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पिशवीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. पाळीच्या चक्रात बाईला येणारे वास, चव, आवाज कसे बदलतात, यावर मीच लिहिलेलं पत्रक. विद्यानगरला राहणाऱ्या सरितानं, माझ्या थोरल्या मावसबहिणीनं, ते उलटसुलट करून पाहिलं.

"तूच वाच गं. मला जोडाक्षरं अडतात."

मी वाचलं. ती हसली. "हौ (हो), खरंय. पाळी जवळ आली की जिन्यातल्या चपला कुणाच्या, तेसुद्धा मला वासावरून कळतं."

त्या नाकावरच तिचं घर चालतं. जामबागच्या पलीकडे तुपाच्या एका दुकानात ती माल पारखते. सकाळी मीही तिच्याबरोबर निघाले. वाटेत इराणी चहा घेतला. माझं बिस्कीट तुटून कपाच्या तळाशी गेलं. सरितानं मात्र कप दूर सारला; आज तिला दूधही सोसत नव्हतं.

दुकानात तिनं तूप मनगटावर चोळलं, हुंगलं आणि डबा बाजूला केला. मग दुसरा. मग तिसराही.

"क्या जी, आज सब खराब? घर में झगडा करके आए क्या?" शेठनं विचारलं. नोकर हसले.

"पुराना मिलाए इस में, सेठ."

शेठनं स्वतः हुंगलं. "मेरे को तो कुछ नै आता."

मला राहवेना. मी पत्रक पुढे केलं. पाळीच्या आधी बाईचं नाक जास्त तीक्ष्ण होऊ शकतं, आणि हिचे हे दिवस तेच आहेत, असं सगळ्यांसमोर बोलून गेले. सरितानं माझा हात दाबला, तोवर उशीर झाला होता.

"मतलब घी अच्छा है, इनकी नाक बढ गई," शेठ शांतपणे म्हणाले. "फिर मैं कौनसे दिन की नाक पे भरोसा करूं, अम्मा?"

"तुम्ही जर्दा खाता. तुमचं नाक रोज सारखं असतं?" मी विचारलं.

"वो अलग बात है."

तिन्ही डबे पुन्हा थप्पीवर चढले. त्या दिवसापासून पारख शेठच्या भाच्याकडे गेली. सरितानं डबे पुसायचे.

घरी तिनं खिचडी केली, खट्टा (चिंचेचं आंबट कालवण) केला. माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या गाडीच्या खिडकीशी ती उभी होती. मी म्हणाले, "ताई, तुझं नाक बरोबर होतं."

"तो वास तुपालाच होता का गं?" ती म्हणाली. "आता माझं मलाच कळत नाही."

गप्प राहिलो तर हे बाईचं एकटीचं दुखणं. बोललो तर तोच तिच्याविरुद्धचा पुरावा. या दोहोंच्या मध्ये उभं राहायला जागा मला हैदराबादेत सापडली नाही, घरीही सापडलेली नाही. पत्रकातलं वाक्य न् वाक्य अजून खरं आहे. उरलेला गठ्ठा खाटेखाली पडून आहे.

परवा आईनं भातावर तूप वाढलं. किंचित खवट वास आला. मी मनातल्या मनात पाळीची तारीख मोजली आणि मुकाट्यानं जेवले.