सुतकात वाजवलेली वरात

मंडळी, आज दुपारची गोष्ट सांगतो. मन फार कडू झालं आहे.

वडील जाऊन आज सहावा दिवस. अग्नी मी दिला, म्हणून डोकं भादरलेलं आहे. सुतकात लग्नाला जात नाहीत, हे मलाही कळतं. पण मी बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो आणि लग्नसराईचे शेवटचे मुहूर्त चालू आहेत. बँडमास्तरांनीच मला कानांपर्यंत येणारी मोठी टोपी दिली.

वरात नवरीच्या गावी, खुर्सीपारला पोचली. बांधकाम चालू असलेल्या पोलाद कारखान्यात नवरदेव फिटर आहे. आम्हाला नेहमी मांडवामागे उभ्याने जेवायला मिळतं. आज नवरीच्या आजीने आम्हाला पंगतीत बसवलं.

"टोपी तं काढ बापू, जेवताना डोकं झाकते का कोनी?" म्हणत तिने मायेने स्वतःच टोपी उचलली.

भादरलेलं डोकं सगळ्या पंगतीला दिसलं. नवरीचे काका ओरडले, "मास्तर, शुभकार्यात सुतकी मानूस आनला?"

मास्तर म्हणाले, "मले माईत नव्हतं जी. ऊठ रे, नीघ इथून!"

मी उठलो. थोड्या वेळाने बँड पुन्हा सुरू झालेला रस्त्यावरून ऐकला. क्लॅरनेट नव्हती, तरी नाचणारे नाचतच होते.

कारखान्यातल्या माणसाचा बाप गेला तर त्याला रजा मिळते. आमच्यासाठी मुहूर्त थांबत नाहीत. बँडवाल्याने दुःख कोणत्या महिन्यात करावं, कोणी सांगाल का?