आईची खार

दुबईतल्या आमच्या अल नहदा वस्तीतला तुर्की न्हावी कानांवरचे केस कापसाच्या पेटत्या बोळ्याने जाळतो, आणि त्या वासासरशी मला अबुधाबीबाहेरची ती खजुराची बाग आठवते. बाबांकडे तिचं कंत्राट होतं. दर शुक्रवारी आम्ही तिथे जायचो आणि आई एका खारीला तळहातावर शेंगदाणे भरवायची. एकदा गावाहून आलेला मामा बेचकी घेऊन सकाळभर खारींमागे धावला. त्या सरसर झावळ्यांत शिरायच्या, दगड खोडांवर आपटायचे, आणि मामा शिव्या घालत हसायचा. मग आईची खार शेंगदाण्यांच्या आशेने आपणहून खाली उतरली आणि त्याच्या पायाशी येऊन बसली. एवढ्या जवळून नेम चुकणं शक्यच नव्हतं. आई किंचाळली, "अरे, रामाची बोटं आहेत रे तिच्या पाठीवर!" "पाठ टाकून देतो, ताई," मामा म्हणाला, "तू मांड्यांपुरतं वाटण काढ." त्याने ती निखाऱ्यांवर धरून केस जाळले. आईने वाटण काढलं, पण ती जेवली नाही. मांस घासभरच, बाकी काड्यांसारखी हाडं. मी ती चोखून चोखून खाल्ली. "जला क्या, हबीबी?" न्हावी आरशातून विचारतो. मी नुसती मान हलवतो, कारण तोंडाला पाणी सुटलेलं असतं.