आखाजीला सासरचा झोका

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक सासरीच राहिली, तर गाव विचारतं, काय बिनसलं? भावानं मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जायचं, आणि तिनं माहेरच्या झोक्यावर बसून सासरच्यांची यथेच्छ उणीदुणी काढायची. माझ्या धाकट्या बहिणीला शिंदखेडा तालुक्यात दिली होती. लग्नानंतर पहिल्या आखाजीला ती आली. दुसऱ्या वर्षी सासरच्यांनी मला ओट्यावरूनच परत पाठवलं. तिसऱ्या वर्षी सणाआधी त्या भागात फिरणारा एक कासार भडगावला आमच्या घरी आला. तिची मनगटं सुजलेली, बांगडी चढेना, आणि त्याच्या देखत तिला कापसाच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली, असं त्यानं मान खाली घालून सांगितलं.

धुळ्याचे वकील म्हणाले, बाईला कोंडून ठेवलं असेल तर मॅजिस्ट्रेट झडतीचं वॉरंट काढून तिला मोकळं करू शकतात. मी शपथेवर सगळं सांगितलं आणि साहेबांनी लगेच वॉरंट काढलं. इतका मोठा सरकारी मुऱ्हाळी मिळाल्यावर आता कोण अडवतो, म्हणून मी हवेतच होतो. घरी आईनं कडुलिंबाला झोका बांधून ठेवला.

आखाजीच्या दिवशी फौजदारांबरोबर मी त्या गावी गेलो. बातमी आमच्या आधीच पोचली होती. कापसाच्या खोलीचं दार सताड उघडं. अंगणात झोका, झोक्यावर माझी बहीण, अंगावर कोरं लुगडं. हिरव्या बांगड्यांनी मनगटं झाकली होती. समोर सासू उभी, कडेवर बहिणीचं अंगावर पिणारं बाळ.

फौजदार कोकणातले. त्यांना वाटलं, पोरगी मजेत सण करतेय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आखाजीला सासरच्या झोक्यावर बसलेली पोर म्हणजेच अडवून ठेवलेली पोर, हे त्यांना सांगायला गेलो, तर त्यांनी मला गप्प केलं.

"तुला कोणी कोंडून ठेवलंय का?" त्यांनी विचारलं.

बाळ रडत होतं. सासूनं ते या कडेवरून त्या कडेवर घेतलं. बहिणीनं तिकडे एकदा पाहिलं.

"नही साहेब," ती म्हणाली. "मी आठे बरी शे."

माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. ती इथं बरी आहे, एवढंच फौजदारांनी लिहून घेतलं आणि आम्ही निघालो.

मॅजिस्ट्रेट साहेबांनी माझं झोक्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. "ती एक शब्द जरी बोलली असती, तर मी तिला आजच सोडवलं असतं," ते म्हणाले. "ती सज्ञान आहे. ती नाही म्हणाली, तर मी काय करू?" राग काढावा असा माणूसही नव्हता तो. कोर्टाच्या पायरीवर बसून मी लहान मुलासारखा रडलो.

घरी आल्यावर आईनं कोर्टाचं काहीच विचारलं नाही, बाळाचं विचारलं.

"पोऱ्या कोनाजोडे व्हता?"

"सासूजोडे."

"कागदवर पोऱ्यानं नाव व्हतं का?"

नव्हतं. वॉरंट एकट्या बहिणीचं होतं.

आई उठली आणि झोक्याच्या गाठी सोडू लागली. त्या सुटेनात, म्हणून मी पुढे झालो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मीच बांधेल शे, मीच सोडसू."