मेडशिंगीचा पार

माझ्या माहेरच्या गायरानातली मेडशिंगी वाळली. कुणी कुऱ्हाड लावली असती तर मी त्याच्या दारात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, निदान मन तरी मोकळं झालं असतं. पण ती वाळली आमच्याच लोकांच्या मायेनं. मायेला शिव्या कशा द्यायच्या, हे मला अजून जमलेलं नाही.

मी घाटनांदूरला दिलेली. बाजारात आमचं किराणा दुकान आहे; नवरा गल्ल्यावर, मी मापावर. माहेरचं गाव तिथून जवळच. जीपवाल्यानं वाटेत ठिकठिकाणी थांबून गप्पा हाणल्या तरी तासाच्या आत पोचतं. गावाचं नाव सांगत नाही. भाऊ अजून तिथंच नांदतो, आणि मला राखीपौर्णिमेला त्याच घरात जेवायचं असतं.

ह्या झाडाझुडपांच्या नादाला मी लागले ती नवरात्रामुळं. आमच्याकडं घटाला तरवडाच्या फुलांची माळ लागते. लहानपणी आम्ही पोरी गायरानात जायचो आणि परकराचा ओचा भरून पिवळी फुलं आणायचो. कितीही तोडा, संपायची नाहीत. एका नवरात्रात भावजयीला घेऊन गेले, तर अख्ख्या माळाचा मुरूम खोदून नेलेला आणि तरवडाचं एक झुडूप जाग्यावर नाही. शेवटी बाजारातून झेंडू आणला. भावजय म्हणाली, "फूल ते फूल. देवीला काय करायचंय?" मला मात्र तो झेंडू ओवताना रडू फुटलं. सुई टोचली म्हणून सांगितलं.

आमच्या दुकानात वनस्पतिशास्त्राचे एक सर सामान न्यायला यायचे. त्यांना मी विचारत गेले, ते सांगत गेले. हिवर, धावडा, खैर, हिंगणबेट. जन्म गेला ह्या झाडांत, आणि त्यातली निम्मी मला "काटेरी" एवढ्याच नावानं ठाऊक! एका रविवारी सर माझ्या माहेरच्या गायरानात आले आणि टेकडीच्या अंगाला एका झाडाखाली थबकले. ती मेडशिंगी. एरवी कुणी वळून बघणार नाही असं साधं झाड, पण उन्हाळ्याच्या शेवटी त्याला पांढरी, लांब दांड्याची, वासाची फुलं येतात, आणि मग मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकड्या शेंगा. पूर्वी पुष्कळ होती म्हणे. लाकूड औताला चालायचं, म्हणून लोकांनी तोडून संपवली. सरांनी आसपासचे डोंगर पालथे घातले होते, दुसरी सापडली नव्हती. ते म्हणाले, "हिच्या शेंगा राखायच्या, बी रुजवायचं, गावोगाव रोपं द्यायची. ही गेली तर आपल्या भागातून मेडशिंगी गेलीच म्हणा." पुढं सर निवृत्त होऊन लेकाकडं पुण्याला गेले आणि झाड माझ्या गळ्यात पडलं.

मग मी काय काय उद्योग केले! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून वाट्या देतात, डब्या देतात. मी दुधाच्या पिशव्यांत रुजवलेली मेडशिंगीची रोपं दिली. बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. "अगं बया, किराणावालीच्या घरात एक डबी मिळंना व्हय?" एकीनं रोप उपटून त्या पिशवीत कोथिंबीर लावली. दुसरीच्या शेळीनं खाल्लं, आणि तीच मला विचारते, "लई आवडीनं खाल्लं बगा. अजून हाय का?" जगलं त्यातलं एकही नाही. मी शाळेत गेले, पोरांना झाडाखाली नेऊन पानं हातात दिली. भजनी मंडळात बोलले, बचत गटात बोलले. नवरा म्हणायचा, "साखर विकताना कधी एवढी गोड बोलली न्हाईस." बोलत होते खरी गोड, पण आतून धाकधूक होती. बी फार थोडं रुजत होतं आणि झाड एकच होतं.

त्यातच गायरानातून रस्ता रुंद करायचं निघालं. मेडशिंगी नेमकी कडेला. मी ग्रामसभेला गेले. माहेरवाशिणीनं ग्रामसभेत बोलायचं म्हणजे आधीच लोकांच्या भुवया वर. एक जण उठून म्हणाला, "ताई, ह्याला ना फळ ना सावली. कावून एवढं मनावर घेता?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तुमची आजी बी फळ देत न्हाई आता. टाकता का उकिरड्यावर?" सभा खदखदून हसली, आणि हसण्याहसण्यात वारं फिरलं. पोरांनी शाळेतलं ऐकलेलं घरी सांगितलं होतं, बायकांनी भजनातलं. सरपंच म्हणाले, रस्ता वळवू. माझा भाऊ उठला आणि म्हणाला, "हे झाड आता गावाचं. त्याला कुणी हात लावला तर गाठ माझ्याशी हाय." टाळ्या पडल्या. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, गाव जागं झालं हो! त्या आनंदात दुकानात येईल त्या पोराला मी गोळ्या वाटत होते.

लगेच लेकीचं बाळंतपण निघालं. ती पुण्याला, तिला सासू नाही, म्हणून मी तिकडं जाऊन राहिले. बारसं उरकून परतले तो भावाचा फोन. "ताई, एवढं ये. तुझ्यासाठी एक गंमत केलीय."

मेडशिंगीला पार बांधला होता. माझ्या छातीइतका उंच, सिमेंटचा, वरून गुळगुळीत लाल फरशी. पायासाठी झाडाभोवती गोल चर खोदला होता आणि त्यात आडवी आलेली मुळं कापून काढली होती. ती बाजूला ढीग करून ठेवलेली मी ह्या डोळ्यांनी पाहिली. आत बुंध्याभोवती ट्रॉलीनं मुरूम ओतून, ठोकून वर फरशी. झाडाची मान तेवढी बाहेर. पुढं मांडव, लाऊडस्पीकर, आणि गाव माझी वाट बघत उभं. आपल्याकडं मान राखायचा म्हणजे शाल-नारळ नाहीतर सिमेंट. त्या दिवशी मला दोन्ही मिळणार होतं.

"असा पार तालुक्यात न्हाई बग," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा असा फुललेला होता की बस.

"अरे, तिची मुळं तोडलीस की रे!"

"कडंकडंची गेली थोडी. बाकीची हायेत की खाली. कुठं पळून चालली का?"

"तिला श्वास घेता येत न्हाई त्यात. फोड हे सगळं. आत्ताच्या आत्ता फोड!"

मांडवातली माणसं वळून बघायला लागली. भावानं माझा हात धरून मला पारावर चढवलं आणि दाखवलं. बुंध्यापाशी काळ्या दगडाची पिंड बसवली होती. सकाळीच आमच्या मठाच्या स्वामींच्या हातून अभिषेक झालेला. शेंगा शिंगासारख्या, म्हणून हे नंदीचं झाड, आणि नंदी आहे तिथं महादेव हवाच, असं गावानं ठरवलं होतं. भाऊ हळूच म्हणाला, "आता एकदा बसवलेला देव उठवायचा कसा, ताई? तूच सांग."

मी लिंगायताची, गळ्यात लिंग बांधलेली बाई. रस्तेवाल्यांशी भांडले असते, सरपंचाशी भांडत आलेच होते. त्या पिंडीपुढं माझे हात आपोआप जोडले गेले. मला शाल घातली, फोटो काढले. फोटोत माझे डोळे लाल आहेत. गावाला वाटलं, ताईंना भरून आलं.

तरी मी गप्प बसले नाही. स्वामींकडं गेले, विनवण्या केल्या. देव हलवायला विधी आहे, पण गावाची संमती पाहिजे, म्हणाले. गावाकडं गेले, तर एकेक जण कानाला हात लावायचा. फार भांडले तेव्हा हवा-पाणी जावं म्हणून फरशीत चार भोकं पाडून पाइप बसवू दिले. महिन्याभरात लोकांनी त्यात उदबत्त्या खोचल्या, वरून तेल ओतलं, भोकं बुजली. पिंडीवरचं दूधपाणी आत मुरून बुंध्याला कुबट वास यायला लागला. मी जाऊन पाइप साफ करायची, लोक म्हणायचे, ताई सेवा करतात.

पहिल्या उन्हाळ्यात फुलं आली, पण मुठीत मावतील एवढीच. पुढच्या वर्षी एकच फांदी पालवली. पारावर सप्ताह झाला, पंगती उठल्या, दिव्यांच्या माळा फांद्यांना खिळ्यांनी ठोकल्या. मी भावाला म्हटलं, झाड मरतंय रे. तो म्हणाला, "पानगळ असंल." भर पावसाळ्यात पानगळ! मी त्याच्याशी बोलायचं सोडलं. त्याला कळेना आपण काय केलं, आणि मला त्याला अजून कसं समजवावं ते कळेना. त्यानं ते माझ्यासाठी केलं होतं, हेच तर मला खात होतं.

आता सगळी भिस्त बियांवर. शेवटच्या शेंगा धरल्या, त्या वाळल्यावर काढायच्या असं मी ठरवलं होतं. गेले तर फांदी रिकामी. लोकांनी नंदीचा प्रसाद म्हणून एकेक शेंग घरी नेली होती. मी दारोदार फिरले. कुणाच्या देव्हाऱ्यात होती, कुणी लाल दोऱ्यानं चौकटीला टांगलेली, कुणी पेटीत लुगड्यांच्या घडीत ठेवलेली. "प्रसाद परत मागत असत्यात व्हय, ताई?" असं प्रत्येकीचं. मी पदर पसरला. शेवटी काही जणींनी दिल्या. कोवळ्याच तोडलेल्या, आतलं बी पापुद्र्यासारखं, न भरलेलं. तरी पेरलं. रोज पाणी घातलं. काही म्हणजे काही उगवलं नाही.

झाड पुरतं वाळलं त्यालाही आता बरेच दिवस झाले. देवाचं म्हणून ते तोडत नाहीत. वाळकं तसंच उभं आहे, बुंध्याला रंग दिलाय.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात, दुपारी दुकानात असताना एक फोन आला. डोंगरापलीकडच्या एका गावचा माणूस होता. "ताई, तुमी ते झाडाचं काम करता न्हवं? आमच्या शिवारात बी एक मेडशिंगी हाय. फुलावर आलीय. तुमी या." माझ्या हातातलं माप खाली पडलं, शेंगदाणे दुकानभर झाले. नवरा काही विचारायच्या आत मी चपला घातल्या. जीपमध्ये मी एकटीच हसत होते. सर चुकले होते! दुसरी होती, जिवंत होती, फुलली होती. शेंगा धरू, पिकू देऊ, ह्या वेळी स्वतः झाडाखाली बसून राखू. वाटेत भावाला फोन करून बोलायचंही मनात आलं.

ओढ्याच्या काठाला ती उभी होती. आमच्या झाडापेक्षा तरणी, डोक्यापासून पांढरी झालेली, खाली फुलांचा सडा. आणि झाडाभोवती चुन्यानं गोल आखलेला, अर्धा चर खोदून झालेला. पलीकडं वाळू, खडी, सिमेंटची पोती, कालवायचा मिक्सर. टेम्पोत टॉवेलात गुंडाळलेली पिंड. ज्यानं फोन केला होता तो माणूस हार घेऊन पुढं आला. "ताई, तुमच्या माहेरी जाऊन पार बघून आलो. लई भारी काम केलंय तुमी. तसाच करायचा आमी बी. पहिला नारळ तुमच्याच हातून."

मी ओरडले. त्यांना सगळं सांगितलं, मुळांचं, मुरुमाचं, ते वाळलेलं झाड तुम्ही बघून आलात ना, मग ते वाळलंय हे दिसलं नाही का? ते म्हणाले, "जुनं झाड हुतं, ताई. त्याचं वय झालं. देव तर हाय की जाग्यावर." मी चरात उतरले आणि खाली बसले. म्हटलं, माझ्यावरून सिमेंट ओता. कुणी रागावलं नाही. कुणीतरी म्हणालं, ऊन लागलंय त्यांना, पाणी आणा. पिंड बसवायला आणलेले महाराज घड्याळ बघत होते. दोन बायका चरात उतरल्या, त्यांनी मला लेकीसारखं दंडाला धरून वर काढलं, लुगड्याची माती झटकली आणि सावलीत खुर्चीवर बसवलं. एक जण पदरानं वारा घालत राहिली. मिक्सर सुरू झाला.