तिसरा आग्रह

इराणातल्या बोरुजेर्दच्या बाजारात चहाचे समोवार दुरुस्त करणारे नुसरतुल्ला म्हणजे अदबीचा अर्क. दुसऱ्याच्या आधी दारातून आत जायचे नाहीत, कुणाकडे पाठ करून बसायचे नाहीत, आणि साधा चहासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. पहिल्या आग्रहाला हो म्हणतो तो अधाशी, दुसऱ्याला म्हणतो तो उतावळा, हे त्यांनी आपल्या एकुलत्या एका मुलाला, कियुमर्सला, कान पिळून शिकवलं होतं.

हिवाळ्यात बायको गेली. मग एकदा ते जिन्यावरून पडले आणि दोन तास तिथेच पडून राहिले. तेव्हापासून एकटं राहायची धास्तीच घेतली त्यांनी, पण सांगायचं कुणाला? कियुमर्स इस्फहानहून येतोय म्हटल्यावर त्यांनी चार कपडे आणि बायकोचा फोटो पिशवीत भरला अन् पिशवी गादीमागे सरकवून ठेवली.

जेवणं झाल्यावर कियुमर्स म्हणाला, "बाबा, चला आमच्याकडे. कायमचेच या."

म्हाताऱ्याचं काळीज सुपाएवढं झालं. पण तोंडाला सवय वेगळी. "छे रे, तुमच्या संसारात माझी कशाला अडचण?"

"अडचण कसली? घर तुमचंच आहे."

"नको, सूनबाईला उगाच त्रास. मी इथे मजेत आहे."

झालं दोनदा. नुसरतुल्ला आता तिसऱ्याची वाट बघत बसले. कियुमर्सनं घड्याळ पाहिलं.

"बरं. तुमच्या मनाविरुद्ध कसं नेऊ?" म्हणत तो उठला आणि बूट घालायला लागला.

म्हणाल, मोठ्या शहरात राहून पोरगा रीत विसरला असेल. विसरतोय कसला! अर्ध्या तासापूर्वी ह्याच पठ्ठ्यानं भाताला दोनदा नको म्हटलं होतं आणि तिसऱ्यांदा ताट पुढे केलं होतं. बापानं शिकवलेल्या रीतीनंच त्यानं बापाला टाळलं, आणि वर वडिलांचा शब्द राखला म्हणून मिरवायला मोकळा. जळो मेली असली सभ्यता.

'येतो मी' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. बाहेर पडलं ते भलतंच. "सांभाळून जा. सूनबाईला सलाम सांग."

गाडी गेल्यावर शेजारच्या महलगा खानम दारात आल्या. "मुलगा न्यायला आला होता ना हो? मग राहिलात कसे?"

"फार आग्रह केला त्यानं," नुसरतुल्ला म्हणाले. "हात धरून ओढत होता. मीच ऐकलं नाही."

"असा मुलगा नशीब लागतं मिळायला."

"तुमची कृपा, खानम," म्हणून त्यांनी मान झुकवली.