सिन्फोरियानोचा न भडकणारा डबा

पाराग्वेतल्या लोमा पोरा गावात डॉन सिन्फोरियानोची खूण सोपी होती: डाव्या डोळ्यावर भुवई नव्हती. हाताला पत्र्याचं काम. बादल्या, नरसाळी, पेट्रोलचे डबे. पण कुणी विचारलं, "आपण काय करता?" की छाती पुढे काढून सांगायचा, "मी बैलाचे मागचे पाय!"

संत होआनच्या सणाला तिन्हीसांजेला दोन माणसं बैलाच्या कातड्याखाली शिरतात, शिंगांवरचे पेट्रोलचे बोळे पेटतात आणि बैल गर्दीत उधळतो. शिवाय चिंध्यांचा पेटता चेंडू असतो, तो सगळ्यांनी लाथाडायचा. बावीस वर्षं मागचे पाय सिन्फोरियानोचे, पुढचे त्याचा जिवलग मित्र क्रेस्केन्सियोचे.

गेल्या सणात विझत आलेल्या चेंडूवर कुणीतरी डब्यातून पेट्रोल ओतलं. ज्वाळा धारेवरून उलटी चढली, डब्यात शिरली आणि भप्! जीव कुणाचाच गेला नाही. गेला तो उत्सव समितीच्या अध्यक्षा सातुर्निनाबाईंचा केसांचा टोप. तो टोप आहे हे गावाला त्या दिवशी कळलं. बाईंना दुःख त्याचंच जास्त.

"यंदा आग बंद," बाईंनी बैठकीत जाहीर केलं. "शिंगांना विजेचे दिवे लावा. बॅटरी मागच्या पायांनी सांभाळावी."

सिन्फोरियानो ताडकन उठला. "दिवे लावलेला बैल? बाई, तो फ्रीज झाला! त्याला बघून कोण पळणार?"

"मग न भडकणारा डबा करून दाखवा. सणाच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत."

हाती तीन आठवडे. आधी त्याने डब्याला स्प्रिंगचं झाकण केलं. झाकणाने आगीऐवजी त्याचंच बोट पकडलं. मग बगळ्याच्या मानेएवढी लांब तोटी केली. ओतायला एक माणूस आणि तोटी धरून चालायला दुसरा, अशी वरात निघाली. क्रेस्केन्सियो हसून हसून जमिनीवर बसला.

एका थंड सकाळी बायको एदुविहेस शेगडीवर पिठाची तारेची चाळणी ठेवून त्यावर चिपा, म्हणजे चीजचे पाव, गरम करत होती. ज्वाळा चाळणीला खालून टेकत, पसरत. वर मात्र येत नव्हत्या.

"अगं, ही आग वर का येत नाही?"

"तारा तिचा ताप खाऊन टाकतात. तुम्ही माझं डोकं खाता तसं."

दुपारपर्यंत चाळणीला भोक पडलं होतं. एदुविहेस दोन दिवस बोलली नाही आणि चिपात पिठाच्या गाठी येऊ लागल्या.

चाळणीतून कापलेल्या जाळीची दुहेरी पिशवी त्याने डब्याच्या तोंडात आत सोडली आणि जन्माच्या सवयीने कथलाने चिकटवली. पत्र्याच्या कारागिराला जग कथलानेच जोडलेलं वाटतं! माळावर लांब बांबूला पेटता बोळा लावून, डब्यात चमचाभर पेट्रोल टाकून परीक्षा घेतली. आग आली, कथील लोण्यासारखं वितळलं, जाळी आत पडली, भप्! ती भुवई तेव्हाची.

मग त्याने कथील सोडलं. डब्याचा काठच दुमडून जाळी आवळून टाकली.

सणाच्या दिवशी देवळासमोर गाव जमलं. सिन्फोरियानोने डबा लांब बांबूला बांधला, गर्दी मागे हटवली आणि पेटत्या चेंडूवर धार सोडली. ज्वाळा धारेवरून सरसर चढली, तोंडाशी आली, जाळी चाटली आणि विझली.

गर्दी अजून 'भप्' ऐकायची वाट बघत होती.

"झालं?" मागून कुणीतरी विचारलं.

"डब्यात पाणी आहे," सातुर्निनाबाई म्हणाल्या.

"पाणी? आत्ता चेंडू कशाने भडकला, बाई? वास घ्या!"

"वास इथे सगळ्यालाच येतोय. खात्री कशावरून पटावी?"

आता काय करणार? त्याने तेच पेट्रोल थोडंसं बिनजाळीच्या जुन्या डब्यात ओतलं, तो बांबूला बांधला आणि सगळ्यांना देवळाच्या भिंतीआड पाठवलं. ज्वाळा चढली. भप्! डब्याने बांबू सोडला, हवेत दोन कोलांट्या घेतल्या आणि पेरूच्या झाडात जाऊन बसला.

काय त्या टाळ्या! "पुन्हा! पुन्हा!" शिट्ट्या, टोप्या हवेत. जन्मभर भल्या माणसाची भूमिका करावी आणि टाळी खलनायकाने न्यावी, तसा सिन्फोरियानो उभा राहिला.

सातुर्निनाबाईंनी नवा टोप दोन्ही हातांनी दाबून धरला होता. "बैल पेटू दे," त्या म्हणाल्या. "पण ओतायचं ते जाळीच्याच डब्यातून."

सूर्य टेकला आणि बैल निघाला. पोरं किंचाळली, म्हाताऱ्या पळाल्या, खुर्च्या उलटल्या. कातड्याखाली सिन्फोरियानोला दिसत होती फक्त क्रेस्केन्सियोची पाठ. बाहेर कुणीतरी ओरडत होतं, "अरे, किती हळू ओततोस! दूध पाजतोयस का वासराला?"

"क्रेस्केन्सियो, माझा डबा कसा चाललाय रे? बघ ना!"

"कसला डबा?" क्रेस्केन्सियो धापा टाकत म्हणाला. "कुणी डब्याकडे बघतंय का? पळ!"

डबा भडकला नाही, म्हणूनच तर कुणी बघत नव्हतं! सिन्फोरियानो खूश होऊन पळाला.