मीटरवरची लाल चांदणी

आमच्या ह्यांनी कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नोकरीबरोबर बोलणंही सोडलं. स्वेच्छा कसली डोंबलाची. परदेशी कंपन्या आल्या, नवी यंत्रं आली, आणि तपासणी खात्यात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला पन्नाशीत घरी बसवलं. मग दिवसभर वर्तमानपत्र. मी विचारायची, "भाजी काय करू?" हे म्हणायचे, "कर काहीही." झाला आमचा संवाद.

कोथरूडला आमची रांगेतली घरं. शेजारच्या घरात एक बाई भाड्याने राहायला आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, केस खांद्यापर्यंत कापलेले, नवरा अमेरिकेत. सकाळी कंपनीची गाडी दाराशी यायची आणि ड्रायव्हर खाली उतरून दार उघडायचा. मला त्यांचं काही वाटत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगायची.

त्या वर्षी सोसायटीच्या चिटणिसांनी प्रत्येक फाटकाशी पाण्याचं मीटर बसवून घेतलं आणि प्रवेशद्वारावर फळा लावला. सगळ्यांत जास्त पाणी वापरणाऱ्या घराचा क्रमांक दर महिन्याला त्यावर. खाली ठळक अक्षरांत, 'खडकवासला धरण आपल्या तीर्थरूपांनी बांधलेले नाही.' पहिल्याच महिन्यात शेजारचा नंबर झळकला. एकटी बाई आणि एवढं पाणी? मला त्या दिवशी जेवण जरा जास्तच गेलं.

रविवारी त्या आमच्याकडे आल्या. "सर, तुम्ही इन्स्पेक्शनमध्ये होता ना? आमचं मीटर जरा बघता का?"

सर. हे वर्तमानपत्र टाकून उठलेच.

काम सोपं होतं, पण दोन माणसांचं. टाकी भरू द्यायची, घरातले सगळे नळ बंद करायचे आणि मीटरच्या तबकडीवरची बारीकशी लाल चांदणी बघायची. कुणी पाणी घेत नसताना ती फिरत असेल, तर कुठेतरी गळतंय. हे आत जाऊन एकेक कॉक बंद करत होते, त्या फाटकाशी मीटरवर वाकून उभ्या होत्या.

"आता?"

"फिरतेय, सर."

"आता?"

"अजून फिरतेय."

मी स्वयंपाकघरात मेथी निवडत हे ऐकत होते. मध्येच हे हसले. माझ्या घरात ते हसू कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं. आमच्या न्हाणीघराची कडी दिवाळीपासून निखळलेली, तिकडे बघायला सवड नाही. आणि घरचं टाकून लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मात्र अंगात बारा हत्तींचं बळ.

तेवढ्यात हे मागच्या दाराने आले. "अगं, नीळ दे जरा. त्यांच्याकडे नाहीये."

"कशाला?"

"फ्लशच्या टाकीत टाकायचीय. खाली भांड्यात निळं पाणी उतरलं, की गळती तिथेच."

म्हणजे माझी नीळ त्यांच्या संडासात. दिली. अंगाचा तिळपापड झाला, पण दिली. गळती तिथेच निघाली. संध्याकाळी त्या परदेशी चॉकलेटांचा डबा घेऊन आल्या. मी म्हटलं, "हे गोड खात नाहीत." ह्यांनी माझ्यासमोर दोन खाल्ली.

पुढच्या महिन्यात फळ्यावरून त्यांचा क्रमांक उतरला आणि आमचा चढला. चिटणीस फाटकातच म्हणाले, "आपण लोकांच्या गळत्या काढता म्हणे." हे तसेच घरी आले आणि पुन्हा वर्तमानपत्रात गेले, पण पान काही उलटेना.

आमच्याकडे गळती नव्हतीच, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी पाणी आलं की मी कालचा हंडा, कळशी, न्हाणीघरातल्या बादल्या सगळं ओतून देत असे आणि ताजं भरून घेत असे. रात्र उलटलेलं पाणी शिळं, ते प्यायचं नाही, हे माझ्या आईचं शास्त्र. हे सांगून टाकावं म्हणून मी पदराला हात पुसत बाहेर आले.

तेवढ्यात हे उठले. "चल," मला म्हणाले, "फाटकाशी उभी राहा. चांदणीवर नजर ठेव."

ह्यांनी मला "चल" म्हटलं होतं. मी गेले. शेजारच्या बाई आपल्या ओट्यावर चहा पीत होत्या. त्यांच्याकडे न बघता मी मीटरवर वाकले. हे आतून एकेक नळ बंद करत गेले.

"आता?"

चांदणी गप्प होती. अगदी ढिम्म.

"फिरतेय," मी म्हटलं.

ह्यांनी मोरीच्या नळाचा वॉशर बदलला, फ्लशमध्ये नीळ टाकली. "आता गं?"

"अजून फिरतेय."

वर टाकीपाशी चढले, खाली आले, न्हाणीघरातून काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि तिथून हे मोठ्याने म्हणाले, "ही कडी कधीपासून अशी आहे? बोलली का नाहीस?" मी फाटकाशी उभी राहून उत्तर दिलं, "विचारलं कधी तुम्ही?" सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल. शेजारच्या बाई कप घेऊन आत गेल्या.

शेवटी हे बाहेर आले, हात जुन्या धोतराच्या फडक्याला पुसत, आणि माझ्याशेजारी वाकले. आता संपलं, असं मला वाटलं. चांदणी आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर ढिम्म होती. हे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं.

"फिरतेय खरी," हे म्हणाले. "उद्या पुन्हा बघावं लागेल."